उजव्या हाताखालची जागा

जुनी गाडी बघायला जाणारी माणसं तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालतात. बंपरवरचा पोचा बघतात, दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून गंज चाचपतात, बॉनेट उघडून तेलाचे डाग शोधतात. मी दार उघडून आत बसतो आणि उजवा हात स्टिअरिंगवर ठेवतो. घड्याळात दोन आणि तीनच्या मधे जेवढं अंतर असतं, तेवढीच ती जागा. नव्या गाडीत तिथलं चामडं मंद, कोरडं, किंचित दाणेदार लागतं. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत तिथले दाणे पुसून गेलेले असतात, काळ्याचा करडा झालेला असतो आणि झीज फारच असेल तर बोटाला आतली लव लागते, जुन्या वहाणेच्या अंगठ्यापाशी लागते तशी.

ही पुस्तिका त्या बोटभर जागेबद्दल आहे. एवढ्याशा जागेसाठी पुस्तिका कशाला, असं कुणाला वाटणं साहजिक आहे. पण गाडी चालवणारा माणूस गाडीच्या ज्या भागाला तासन्‌तास हात लावून असतो, असा दुसरा भाग गाडीत नाही. सीटला अंगातल्या कपड्यांचा आडोसा असतो, पायाखालच्या पॅडलला चपलेचा. स्टिअरिंगला उघडा तळहात लागतो. त्यावर घाम, त्वचेचं तेल, वडापाव खाऊन नीट न पुसलेली बोटं, अंगठीची कड, नख आणि समोरच्या काचेतून येणारं ऊन, असं सगळं एकाच जागी येऊन पडतं.

मी हे शिकलो ते एका मर्सिडीजवर. डब्ल्यू १२४ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आली. आपलं तिच्याशी नातं पुण्यातून आहे. मर्सिडीज-बेंझची भारतातली कंपनी १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात तिची गाडी जोडून बाहेर पडू लागली, ती हीच. माझ्याकडची गाडी त्या सुरुवातीच्या वर्षांतली. तिच्या पहिल्या मालकांनी ती द्रुतगती मार्ग व्हायच्या आधीपासून बोरघाटातून मुंबईला नेली-आणली. माझ्या हाती आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, दार लावताना तिजोरीसारखा आवाज यायचा, आणि स्टिअरिंगची उजवी बाजू मात्र उंदराच्या पाठीच्या रंगाची झाली होती. इंजिनाचं काम करणारे मला पुण्यात पुष्कळ भेटले. स्टिअरिंगसाठी ज्याला विचारावं तो म्हणे, कव्हर घाला.

कव्हर मला पहिल्यापासून पटलं नाही आणि आजही पटत नाही. सैल कव्हर ऐन वळणावर मूळ चाकावरून सरकतं. घट्ट कव्हराखाली घाम अडकून राहतो आणि कोकणासारख्या दमट हवेत आत बुरशी धरते. झाकलेली झीज थांबत नाही, ती फक्त दिसेनाशी होते. शिवाय चाकाची जाडी वाढली की हाताची सवय बिघडते. ज्या माणसांनी त्या गाडीचं चाक घडवलं त्यांनी त्याच्या घेराचा विचार मुठीचं माप धरून केलेला असतो. त्याच्यावर रबराची वळकटी चढवणं हा त्या विचाराचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता मूळ मुद्दा सांगून टाकतो, कारण पुढची सगळी पानं त्याच्यावर उभी आहेत. स्टिअरिंगचं चामडं झिजलं असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा चामडं शाबूत असतं. गेलेला असतो तो त्याच्यावरचा रंगाचा पापुद्रा. गाडीतलं चामडं साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं असतं. त्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा जो थर दिलेला असतो, तो मिलिमीटरच्या काही शतांशांइतका. आपल्याला दिसतो आणि हाताला लागतो तो हा थर. चामडं त्याच्या खाली निवांत असतं. माणसाच्या हातांनी वीस वर्षांत हा पापुद्रा खाल्लेला असतो, आणि आपण खालच्या निरोगी चामड्याला म्हातारं समजून ते फाडून फेकायला निघतो.

चामड्याबद्दल थोडं सांगितल्याशिवाय हे नीट कळणार नाही. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची गुंतवळ. या कोलॅजनची घडण कशी असते याचा उलगडा आपल्याच देशात, मद्रास विद्यापीठात झाला. १९५४-५५ मध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी दाखवलं, की तीन साखळ्या दोरीच्या तीन पेडांसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या असतात. त्यांच्या शेजारीच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती. जगातल्या प्रत्येक चामडी स्टिअरिंगच्या पोटात काय आहे, हे कातडं कमावणाऱ्यांच्या शेजारी बसलेल्या माणसांनी शोधून काढलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. ओलं कातडं तसंच ठेवलं तर कुजतं, वाळवलं तर लाकडासारखं कडक होतं. कमावणं म्हणजे त्या पेडांना एकमेकांशी असं बांधून टाकणं, की ते कुजणारही नाहीत आणि मऊपणाही सोडणार नाहीत.

ही बांधणी दोन मार्गांनी होते. आपला जुना मार्ग बाभळीच्या सालीचा आणि हिरड्याचा. कोल्हापुरी वहाणेचं चामडं असं कमावलेलं असतं. २०१९ मध्ये या वहाणांना भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरले गेले, म्हणजे ही विद्या राज्याच्या सीमेपेक्षा जुनी आहे. दुसरा मार्ग क्रोमियमच्या क्षारांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तो कारखान्यांत रुळला. क्रोमने कमावलेलं चामडं ओलं असताना फिकट निळं दिसतं. त्याचा मोठा गुण असा, की ते उष्णता सोसतं. सालीने कमावलेलं चामडं ७०-८० अंशांच्या ओल्या उष्णतेत आकसू लागतं, क्रोमचं जवळजवळ उकळत्या पाण्यापर्यंत टिकतं. मे महिन्यात नागपूरला उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरून बघितलेल्या माणसाला हा गुण समजावून सांगायला नको.

या दोन चामड्यांतला फरक मला ठाऊक नव्हता आणि त्याची किंमत मी मोजली. आमच्या घरात कोल्हापुरी वहाणेला तेल पाजायची पद्धत होती. दिवाळीच्या आधी आजोबा वहाणा उन्हात ठेवत, बोटाने तेल चोळत, आणि सकाळपर्यंत ते तेल चामड्यात जिरलेलं असे. तेच मी स्टिअरिंगला केलं. पण वहाणेचं चामडं उघडं असतं, ते तेल पितं. स्टिअरिंगच्या चामड्यावर पॉलियुरेथेनचा पापुद्रा असतो. तेल त्याच्या वरच बसून राहिलं, दोन दिवसांत धुळीला धरून काळपट झालं आणि तिसऱ्या दिवशी लोणावळ्याजवळच्या एका वळणावर चाक माझ्या हातातून सटकलं. मागेपुढे गाडी नव्हती म्हणून निभावलं. तेव्हापासून स्टिअरिंगवर तेल, मेण, सिलिकॉनचं पॉलिश किंवा बुटाचं पॉलिश लावू नका हे मी भेटेल त्याला सांगत असतो, आणि या पुस्तिकेतही ते तीन वेगवेगळ्या प्रकरणांत तीनदा लिहिलं आहे. पुनरुक्ती झाली आहे, ती मुद्दाम ठेवली आहे.

तेलाची ओढ चकाकीच्या ओढीतून येते. आपल्याकडे नवं म्हणजे चकचकीत, असं डोक्यात घट्ट बसलं आहे. तांब्याचा हंडा, पॉलिश केलेला बूट, वार्निश मारलेलं कपाट. स्टिअरिंगच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. कारखान्यातून निघतं तेव्हा ते मंद असतं, उजेड त्याच्यावर पसरतो, उसळत नाही. वापराने ते चकाकू लागतं, कारण दाण्यांच्या मधल्या खाचा मळाने भरून पृष्ठभाग सपाट होतो. चकाकी हा मळ आहे. जुनी गाडी विकायला काढताना काही जण स्टिअरिंगला पॉलिश चोपडून ठेवतात, आणि घेणारा ते बघून खूश होतो. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर दिसत असतील आणि स्टिअरिंगची उजवी बाजू आरशासारखी चमकत असेल, तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि चामड्याला खोटं बोलता येत नाही.

झिजलेलं स्टिअरिंग नीट बघितलं की चालवणारा माणूस दिसू लागतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, चालक उजवीकडे बसतो, गिअर डाव्या हाताला. म्हणून डावा हात सारखा उठत असतो आणि उजवा हात चाकावर मुक्कामाला असतो. माझ्या मर्सिडीजमध्ये तर इंडिकेटरची दांडीही डावीकडे आहे, त्यामुळे डावा हात आणखीच फिरता. तिची उजवी बाजू डावीच्या दुप्पट झिजली होती यात नवल नाही. जर्मनीत त्याच गाडीत झीज डावीकडे सापडेल. अंगठीमुळे पडलेली झीज लांबट, खोल आणि एकाच जागी असते. मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याने खालच्या कमानीवर बारीक चरे पडतात. नखं वाढवणाऱ्याच्या चाकाच्या मागच्या बाजूला अर्धचंद्र उमटलेले असतात. आणि हॉर्नच्या जवळची जी जागा अंगठ्याच्या बुडाखाली येते, ती आपल्या शहरांतल्या गाड्यांत जितकी पुसलेली असते तितकी दुसरीकडे क्वचितच असेल. २०२० नंतर एक नवी झीज आली. सॅनिटायझर लावलेले ओले हात. त्यातलं अल्कोहोल वरचा पापुद्रा मऊ करतं, आणि मऊ झालेला पापुद्रा तळहाताबरोबर निघून येतो. त्या दोन वर्षांत दुरुस्तीसाठी माझ्याकडे आलेल्या चाकांवर बोटांच्या आकाराचे फिकट ठसे होते. ते बघताना मला त्या दिवसांची धास्ती पुन्हा आठवायची.

पुस्तिकेतलं पहिलं प्रकरण साफसफाईचं आहे आणि तेच सगळ्यात मोठं आहे. काही मित्रांनी हस्तलिखित वाचून ते कापायला सांगितलं. मी कापलं नाही. माझ्या अनुभवात जी चाकं रंगवायला म्हणून येतात, त्यातली बरीचशी नुसती धुतल्यावर परत जातात. चामड्यासाठीचा सौम्य साबण, मऊ केसांचा ब्रश, दोन-तीन पांढरी फडकी, एवढंच सामान. फेस ब्रशवर करायचा, चाकावर पाणी ओतायचं नाही. एका वेळी चार बोटं जागा घ्यायची, गोल-गोल घासायचं, फेस तपकिरी झाला की लगेच पुसायचा, नाहीतर तोच मळ परत खाचांत जाऊन बसतो. शिवणीजवळ दातांचा जुना ब्रश वापरा. दोऱ्याचा रंग मळाने गेलेला असतो, तो परत दिसू लागतो तेव्हा फार आनंद होतो. माझ्या गाडीच्या चाकावरून पहिल्या दिवशी जे निघालं ते बघून मी बराच वेळ गाडीतच बसून राहिलो. दहा-अकरा वेळा फडकं पिळल्यावर डाव्या बाजूला दाणे दिसू लागले. तो भाग मी पुढे कधी रंगवलाच नाही. रंगवायची गरजच नव्हती.

उजवी बाजू मात्र रंगवावी लागली. ते काम चाक न काढता, जागेवरच केलं. डॅशबोर्ड, काटे, दांड्या सगळं मास्किंग टेपने आणि जुन्या वर्तमानपत्रांनी झाकून घेतलं. धुतलेल्या जागेवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं अगदी हलक्या हाताने फिरवलं, म्हणजे उरलेलं तेल निघतं. मग ८०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२००, दोन्ही ओले. सुटत आलेले पापुद्रे काढायचे आणि लव झोपवायची, एवढंच त्या पेपरचं काम. जोर लावला तर चामड्याचाच वरचा थर जातो आणि तो पुन्हा आणता येत नाही. भेगा असतील तर चामड्यासाठी मिळणारी लवचीक लांबी भरायची. पत्र्याच्या कामातली लांबी इथे चालत नाही, ती कडक होते आणि पहिल्याच आठवड्यात चिरते. भेग एका दमात भरायची नाही. चार-पाच पातळ थरांत भरायची, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा.

रंगाबद्दल एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. काळा रंग एक नसतो. निळसर काळा असतो, तपकिरी झाक असलेला असतो, उन्हाने विटून कोळशासारखा झालेला असतो. डबीतून काढलेला थेट काळा रंग लावला तर दुरुस्त केलेली जागा काजळाच्या बोटासारखी उठून दिसते. चाकाच्या खालच्या, नजरेआडच्या भागावर थेंब लावून वाळू द्यायचा आणि मग दिवसाच्या उजेडात बघायचं. ओला रंग नेहमी गडद दिसतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पाण्यात मिसळणारा चामड्याचा रंग घ्या, स्पंजाच्या तुकड्याने थोपटत लावा, पुसल्यासारखा ओढू नका. पाच-सहा अगदी पातळ हात. शेवटी हार्डनर घातलेला मंद टॉप कोट. इथे मंद या शब्दावर माझा भर आहे. रंगाची छटा थोडी इकडेतिकडे झाली तर डोळा क्षमा करतो, चकाकी चुकली तर करत नाही. त्यानंतर किमान दोन दिवस चाकाला हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड असतं. एका दुकानात मी पूर्वी माझं दुसरं एक चाक दिलं होतं. त्यांनी त्यावर फर्निचरचा लॅकर फवारून तासाभरात परत दिलं. पहिल्या दिवशी सुंदर दिसलं, पावसाळ्यापर्यंत सापाच्या कातेसारखं सुटून आलं.

एअरबॅगबद्दल मात्र मी कडक आहे. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, पण त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांतही ती आहे. चाकाच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो त्यात घडी घातलेली पिशवी आणि तिला डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगवणारा स्फोटक भाग असतो. चाक काढायचं असेल तर बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवून कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला वेळ थांबायचं. विजेचा साठा उतरल्याखेरीज स्क्रू ढिला करायचा नाही. काढलेली एअरबॅग नेहमी तोंड वर करून ठेवायची, पालथी कधीच नाही. चाकामागे फितीची एक गुंडाळी असते, तिच्यातून एअरबॅगची आणि हॉर्नची वीज जाते. ती जागची फिरवली तर चाक परत बसवल्यावर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि चाकावर खडूने खूण न करता चाक उपसणारे मी बघितले आहेत. मग गाडी सरळ चालते आणि चाक तिरकं दिसतं. ज्याने हे काम कधी केलेलं नाही त्याने चाक स्वतः काढू नये, जाणत्या मेकॅनिककडून काढून घ्यावं आणि बसवूनही त्याच्याकडूनच घ्यावं. चामड्याचं काम स्वतः करण्यात जो आनंद आहे तो यामुळे कमी होत नाही.

चामडं फाटलेलं असेल, किंवा आतला फोम बसून खड्डा पडला असेल, तर रंगाने भागत नाही. तिथे नवं चामडं चढवावं लागतं, आणि तिथे माझी विद्या संपते. ते प्रकरण मी नाना पेठेच्या पलीकडच्या एका गल्लीत बसणाऱ्या कारागिराकडून शिकून लिहिलं आहे. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. त्यांचे वडील मोटा शिवायचे. विहिरीवर मोटा होत्या तोवर चामड्याची मोट हे मोठं काम होतं. पुढे मामा सायकलच्या सीट शिवू लागले, मग रिक्षाच्या, मग गाड्यांच्या. चाक त्यांच्यासमोर ठेवलं की ते आधी जुनं चामडं उसवून त्याचे तुकडे टेबलावर पसरतात आणि त्यांच्यावरून नव्याचे बेत कापतात. कापायच्या आधी कातडं दोन्ही हातांत धरून उभं-आडवं ओढून बघतात. मी पहिल्यांदा विचारलं, मामा, हे काय बघता?

“दादा, चामड्याला आधी विचारायचं, कुठल्या बाजूला ओढलं तर येतंस,” ते म्हणाले. “पाठीचं चामडं हट्टी, पोटाचं लेचंपेचं. चाकाला दोन्हीच्या मधलं लागतं.”

आतल्या कडेने शिवण घालायची असते. ३८ सेंटिमीटरच्या चाकाची आतली कड साधारण एक मीटर भरते. पाच मिलिमीटरला एक टाका धरला तर दोनशे टाके, आणि प्रत्येक टाक्याला दोन्ही बाजूंनी भोक. मामा आरीने ही भोकं आधी पाडून घेतात, मेण लावलेला दोरा दोन वाकड्या सुयांत ओवतात आणि दर दहा टाक्यांनी थांबून अंगठ्याने शिवण दाबून बघतात. चामडं मुद्दाम थोडं कमी मापाचं कापलेलं असतं, ते ओढून बसवायचं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे पुरणार नाही. शेवटच्या टाक्याला ते बरोबर पुरतं. एक चाक पुरं व्हायला मामांना अख्खा दिवस लागतो आणि त्या दिवशी ते दुसरं काम घेत नाहीत.

आरी, रापी, ऐरण, साल, कमावणं. मराठीत चामड्याचे शब्द भरपूर आहेत, पण चामड्यावरची मराठी पुस्तकं मला शोधूनही फारशी मिळाली नाहीत. याचं कारण उघड आहे आणि ते लिहायला मला संकोच वाटत नाही. ज्या ढोर आणि चर्मकार समाजांनी ही विद्या सांभाळली, त्यांना आपण गावाच्या कडेला ठेवलं, त्यांच्या हातच्या वहाणा घातल्या आणि त्यांच्या हाती लेखणी जाऊ दिली नाही. मोट गेली तेव्हा मोटेबद्दल त्यांना जे माहीत होतं ते बहुतेक सगळं गेलं. मामांना मी पुस्तिकेचं प्रकरण वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि एका ठिकाणी म्हणाले, हा शब्द आमचा नाही, आम्ही याला उसवण म्हणतो. तो शब्द बदलला आहे. त्या प्रकरणावर नाव त्यांचं असावं असा माझा आग्रह होता. त्यांनी नको म्हटलं, पण मानधन घ्यायला राजी झाले, आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीतही त्यांचा वाटा राहील.

कोणतं चाक दुरुस्त करू नये याबद्दल मी शेवटच्या प्रकरणात थोडं लिहिलं आहे. चामडी म्हणून विकलं गेलेलं प्रत्येक चाक चामडी नसतं. शिवणीजवळची सुटलेली कड उलटून बघा. मागे तंतूंची लव दिसली तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिन चिकट होऊन सुटू लागलं की त्याला रंग धरत नाही, ते बदललेलंच बरं. आणि काही झीज अशी असते, की ती पुसावी की नाही याचा निर्णय गाडीच्या माणसावर सोडलेला बरा. माझ्याकडे एक बाई त्यांच्या नवऱ्याची गाडी घेऊन आल्या होत्या. चाक धुऊन दिलं, दाणे उघडे झाले. उजवीकडे अंगठीची एक खूण होती. भरू का, असं मी विचारलं. त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवलं आणि नाही म्हणाल्या. ते चाक मी तसंच परत दिलं.

कामाची वेळ नीट निवडा. पावसाळ्यात हे काम काढू नका, निदान मुंबई-कोकणात तरी नाही. हवेत ओल असताना पाण्यातला रंग वाळल्यासारखा दिसतो आणि आतून ओला राहतो. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचे दिवस उत्तम. ऐन उन्हाळ्यात करायचं झालं तर सावलीत, सकाळी करा, कारण तापलेल्या चाकावर रंग पसरायच्या आधीच वाळतो आणि थोपटल्याचे ठसे राहतात.

पान उलटायच्या आधी एक करा. गाडीत जाऊन बसा. एक पांढरं सुती फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि उजव्या हाताखालची ती जागा दहा वेळा पुसा. मग फडकं उजेडात धरून बघा. तपकिरी-करडं उतरलं असेल तर तो मळ आहे, पहिलं प्रकरण वाचा आणि तिथेच थांबा. काळं उतरलं असेल तर आधी कुणीतरी पॉलिश लावलं आहे किंवा पापुद्रा विरघळू लागला आहे, तुम्हाला पहिलं आणि दुसरं दोन्ही लागतील. फडकं पांढरंच राहिलं आणि बोटाला लव लागली तर तिसऱ्या प्रकरणापासून सुरुवात करा. आणि फडक्याचा धागा एखाद्या फाटलेल्या कडेत अडकला, तर सरळ मामांच्या प्रकरणाकडे या.